टिकलीवाली

साखरा गावच्या तातेरावांसमोर कुणी त्यांच्या बायकोबद्दल ‘सखुबाई गेल्या’ असं म्हटलेलं त्यांना खपत नसे. आता माणसाचं डोकं फिरलं होतं अशातला भाग नाही. जाळून आले होते, राख सावडली होती, तेराव्याला अख्ख्या भावकीला जेवू घातलं होतं. सगळं रीतीनं केलं. पण कुणी भेटायला येऊन बसलं आणि ‘गेली बिचारी, सोनं झालं तिचं’ म्हणालं की म्हातारा भडकलाच. “गेली कुठं? हाय की हितंच,” म्हणायचा आणि ओसरीच्या भिंतीकडं बोट करायचा. भिंतीवर, बल्बच्या खाली, एक मोठं मातकट पाखरू, पतंगाच्या जातीचं, वाळक्या पानासारखं चिकटून बसलेलं असायचं. आलेला माणूस पाखराकडं बघायचा, मग तातेरावांच्या पोराकडं, हरीशकडं बघायचा, आणि चहा संपवून मुकाट्यानं उठायचा.

तसं बघितलं तर तातेरावांचं तरी काय चुकलं? आपल्याकडं दहाव्याच्या आदल्या रात्री, जिथं जीव गेला तिथं पीठ पसरतात, मधोमध दिवा ठेवतात आणि वरून टोपलीसारखं डालगं झाकतात. सकाळी डालगं उचलायचं आणि पिठात कुणाचं पाऊल उमटलंय ते बघायचं. ज्याचं पाऊल त्याचा जन्म. कुणाला गाईचं खूर दिसतं, कुणाला चिमणीचा पाय. बघणाऱ्याच्या मनात असतं तेच दिसतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्या वेळी कोण बोलणार? सखुबाईच्या वेळी मात्र मनानं बघायची गरजच पडली नाही. डालगं जुनं, एका अंगानं फुटकं. तातेरावांनी ते उचललं तर पिठात बारीक बारीक रेघा ओढलेल्या, आणि दिव्याशेजारी साक्षात पाखरू! उजेड लागला तसे त्यानं पंख उघडले. वरून मातीच्या रंगाचं ते, आतून असं नारिंगी की बघत राहावं. आणि त्या नारिंगीत एक काळा गोल ठिपका. सखुबाईच्या कपाळावर लहानपणी गोंदलेली टिकली होती, हुबेहूब तशी. “आली का?” तातेराव एवढंच म्हणाले.

तेव्हापासून दिवेलागण झाली की तातेराव ओसरीवर खाट टाकायचे आणि भिंतीशी बोलायचे. सोयाबीनला शेंगा कशा धरल्यात, गुडघा किती ठणकतोय, सेनगावच्या बाजारात कोण भेटलं. “आज तुह्या सुनेनं वरणात मिठाचा डबाच उपडा केला, पण म्या खाल्लं बरं गुमान,” असंही सांगायचे. आत भाकरी थापता थापता सून साधना ऐकायची आणि तोंडाला पदर लावून हसायची. मग तिलाच भरून यायचं. म्हातारा जेवतोय, झोपतोय, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. एका पाखरावर एवढं निभावत असेल तर निभावू दे की, असं तिचं म्हणणं.

पण पाखरू एकच असतं तर ना! भादवा सरत आला, संत्र्याच्या आंबिया बहाराच्या फळांना रंग चढायला लागला, आणि बागेत ही पाखरं उतरली. अंधार पडायच्या सुमाराला येतात, पिकत्या फळावर बसतात, सुईसारखी सोंड आत खुपसतात आणि रस ओढतात. वरून काही दिसत नाही. चार दिवसांनी भोकाभोवती फळ सडतं आणि टपकन खाली पडतं. हरीशच्या बागेत रोज सकाळी सडा पडायला लागला. दुसरा कुणी असता तर संध्याकाळी बांधाबांधानं कडुलिंबाच्या पाल्याचा धूर केला असता, बॅटरी घेऊन पाखरं वेचली असती आणि रॉकेलच्या पाण्यात बुडवली असती. शेजारचे कोंडीबा तसंच करत होते. हरीशनं नुसता विषय काढला तर बाप लालेलाल.

“माय हाय ती तुही! मायला रॉकेलात बुडवतो का रे?”

“बापू, समद्याच कशा माय असतील? शेकड्यानं आल्यात.”

“मंग त्यातली कोणती, सांग. वळखतो का तू? न्हाई ना? मंग हात लावू नको.”

हरीशलाही त्या शेकड्यांतली एक दुसरीपासून ओळखता येत नव्हती. बाग गळत राहिली. गळकी फळं टोपल्यानं उचलून खड्ड्यात टाकायची एवढंच त्याच्या हातात उरलं.

अशात गावात पुजा आली. हट्टा गावची पोरगी, शेतीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. शेवटच्या वर्षाच्या पोरींना कॉलेजवाले काही महिने खेड्यात राहायला पाठवतात, गावात त्यांना कृषिकन्या म्हणतात. पुजा आणि तिच्या मैत्रिणी कोंडीबांच्या पुढच्या खोलीत उतरल्या होत्या. पोरगी चुणचुणीत, बोलायला गोड, पण हातात सदा एक जाळी आणि औषधाचा बोळा घातलेली बाटली. किडे पकडायचे, बाटलीत मारायचे, टाचणी टोचून पेटीत लावायचे हा तिचा अभ्यास. एका संध्याकाळी ती साधनाकडं विरजण मागायला आली. तातेराव त्या वेळी मारुतीच्या पारावर होते. ओसरीच्या भिंतीवर एवढं मोठं पाखरू आयतं बसलेलं बघून पोरीला कोण आनंद झाला! टोपणात धरलं, बाटलीत टाकलं आणि विरजण घेऊन गेली. साधना आत होती, तिला पत्ताच नाही.

तातेराव परत आले तर भिंत रिकामी. असेल कुठं बागेत, येईल, म्हणत बसून राहिले. सकाळीही भिंत रिकामीच. मग साधनाच्या लक्षात आलं की आदल्या संध्याकाळी पुजा येऊन गेली होती, आणि तिच्या तोंडून ते निघून गेलं. झालं! म्हाताऱ्यानं चपलाही घातल्या नाहीत. तसाच अनवाणी कोंडीबांच्या दारात जाऊन उभा राहिला आणि ओरडला, “ए पोरी! माही बायको कुठं हाय?”

पुजा दात घासत होती. ब्रश तसाच तोंडात राहिला. “आजोबा, तुमची बायको... मला कसं माहीत असणार?”

“काल भिंतीवरून नेली ती! जिती हाय का मारली?”

तेवढ्यात मागून साधना धापा टाकत आली आणि तिनं पोरीला बाजूला घेऊन डालग्यापासून सगळं सांगितलं. पुजाचा चेहरा पांढराफटक पडला. ती आत जाऊन पेटी घेऊन आली आणि तातेरावांपुढं उघडून धरली.

पेटीत तीन पाखरं पंख पसरून टोचलेली. तिन्ही सारखी. मातकट वरचे पंख, नारिंगी खालचे. एक भिंतीवरचं आणि दोन कोंडीबांच्या बागेतली, पण कोणतं कुठलं हे पोरीला आता सांगता येईना. चिठ्ठ्या लावायच्या राहून गेल्या होत्या.

कोंडीबांनी तातेरावांना खुर्ची सरकवली, नेहमीसारखी थट्टा केली नाही. पुजानं भिंग दिलं आणि हळूच विचारलं, “आजोबा, तुम्ही पहिल्या दिवशी बघितली तेव्हा खालच्या पंखावर काय होतं? आठवतंय?”

“आठवतंय म्हंजी? टिकली होती. गोल.”

“मग ह्या दोन बघा. ह्यांच्यावर गोल नाहीये. वाकडं आहे.”

म्हाताऱ्यानं भिंगातून बघितलं. खरंच की! दोघींच्या पंखावर काळी खूण होती, पण विळ्यासारखी वाकलेली. “ही इळेवाली,” ते पुटपुटले, “आन् ही बी इळेवाली.” मग तिसरीवर भिंग नेलं. नारिंगीत काळा गोल ठिपका. टिकली.

साधनानं डोळे मिटून घेतले. पुजानं मात्र पेटी स्वतःकडं ओढली आणि त्या पाखराचे वरचे पंख नीट निरखले. मग तिच्या तोंडावर थोडं रक्त परत आलं. “आजोबा, ही मादी नाही. मादीच्या वरच्या पंखावर पांढुरके ओरखडे असतात, चित्रविचित्र दिसते ती. ह्याचा पंख बघा, एकदम साधा. हा नर आहे.”

“म्हंजी गडी?”

“गडी.”

“बराबर सांगते ना?”

“शप्पथ, आजोबा.”

तातेरावांनी मोठा उसासा टाकला. जरा वेळानं त्यांच्या कपाळाला आठी पडली. “पण मंग भिंतीवरची ह्यातलीच एक होती ना? म्हंजी इळेवाली तरी, न्हाईतर हा गडी तरी?”

“हो.”

“मंग महिनाभर म्या बोललो कोणासंगं?”

कोंडीबांच्यानं राहवलं नाही. “तात्या, गड्यासंग संसाराच्या गोष्टी केल्या का काय!” आणि ते असे फुटले की ठसकाच लागला. सगळ्यांना वाटलं आता म्हातारा काठी उचलतो. पण तातेराव स्वतःच हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. सखुबाई गेल्यापासून त्यांना हसताना कुणी बघितलं नव्हतं, आणि साधनाला ते बघून इतकं बरं वाटलं की तिला रडूच फुटलं.

त्या दिवसापासून तातेराव पुजाचे विद्यार्थी झाले. त्यांनी पोराशी सौदा केला. पाखरं धरून जिती माझ्यापुढं आणायची, मी बघणार. टिकली असेल आणि मादी असेल तर सोडायची. बाकीच्यांचं काय करायचं ते करा. हरीशला एवढंही पुष्कळ होतं. तो संध्याकाळी धूर करायला लागला, बॅटरीच्या उजेडात पाखरं धरून मच्छरदाणीच्या पिशवीतून घरी आणायला लागला. बांधावरच्या गुळवेलीवर ह्यांच्या अळ्या वाढतात असं पुजानं सांगितलं, तेव्हा तातेरावांनी बिनबोभाट त्या वेलीही काढू दिल्या.

आता हे ओळखणं वाटतं तितकं सोपं नाही हो. पाखरू बसलं की नारिंगी पंख आत दडवतं, वरून सगळी एकजात वाळकं पान. खांद्यापाशी अलगद धरायचं, आगकाडीनं वरचा पंख सरकवायचा, मग आतलं दिसतं. पहिले काही दिवस तातेरावांच्या रांगड्या बोटांनी पंखांची पूडच निघायची. “दाबू नका आजोबा, फूल धरल्यासारखं धरा,” पुजा ओरडायची. “फुलं कधी धरलीत म्या, बैलाची येसण धरली जल्मभर!” म्हातारा उलट बोलायचा, पण हात हलका करायचा. शिवाय जुन्या पाखरांचे पंख झिजलेले. झिजलेला विळा टिकलीसारखा दिसतो. असल्या दोन-चार विळेवाल्या तातेरावांनी माया करून सोडून दिल्या, आणि पुजानं त्या पुन्हा पकडून दाखवल्या. “टिकलीच्या भोवती सगळीकडून नारिंगी दिसलं पाहिजे. विळ्याचं एक टोक वळतं. टोक शोधा आधी.” एक तिसरी जातही निघाली, विळेवालीची सख्खी बहीण शोभेल अशी. ती तर पुजालाही ओळखू येईना, फोटो काढून कॉलेजातल्या सरांना पाठवावे लागायचे. ते बघून तातेरावांना भारी समाधान वाटायचं. “म्हंजी तू बी माह्याच वर्गात हाईस,” म्हणायचे.

दसऱ्याच्या आसपास म्हातारा चांगला तयार झाला. पंख सरकवला की लगेच सांगायचा. इळेवाली, इळेवाली, टिकलीवाला गडी, इळेवाली. आणि मधूनच एखादी टिकलीवाली मादी निघाली की आवाज एकदम मऊ व्हायचा. “जा माय,” म्हणून ती अंगणातल्या अंधारात सोडून द्यायचे, ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायचे. एकदा पुजा सहज बोलून गेली, “आजोबा, तसं बघितलं तर ही पाखरं जास्तीत जास्त महिनाभर...” पण तिनं साधनाकडं बघितलं आणि वाक्य तिथंच गिळलं. साधनानं तिच्या हातात चहाचा कप दिला. तातेरावांनी ऐकलं होतं. पण ते पुढची पाखरं बघायला लागले.

एवढं करूनही फळगळ थांबेना. कमी झाली, पण थांबेना. का थांबेना हे घरात सगळ्यांना कळत होतं. सोडलेली प्रत्येक मादी परत बागेतच जात होती, दुसरीकडं जाणार कुठं? बापाला शब्दानं दुखवायचं नाही असं हरीशनं मायच्या चितेसमोरच ठरवून टाकलं होतं. पण एका संध्याकाळी फार दमला होता, तेव्हा म्हणाला, “बापू, पिशवीत घालून घरी आणूस्तोवर निम्मी मरून जात्यात. त्यात तुमची टिकलीवाली असली तर? त्यापरीस तुमीच चला ना बागंत. झाडापाशीच बघा.”

तातेराव घुटमळले. सखुबाई गेल्यापासून त्यांनी बागेत पाऊल टाकलं नव्हतं. बाग दोघांनी लावलेली. विहिरीला पाणी लागायच्या आधी सखुबाईनं डोक्यावरून घागरी आणून रोपं जगवली होती, आणि प्रत्येक झाडाखाली ती दिसेल, किंवा दिसणार नाही, ह्याचीच त्यांना भीती वाटत होती. पण टिकलीवाली पिशवीत गुदमरून मरेल हा विचार त्याहून वाईट. उठले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात भिंग, पुढं हरीश बॅटरी आणि रॉकेलच्या पाण्याची बादली घेऊन.

सूर्य बुडून थोडाच वेळ झाला होता, आभाळाला अजून उजेड होता. बांधावर धूर चालू होता तिकडं पाखरं नव्हती, पण मधल्या ओळींत होती. हरीश एकेक धरून द्यायचा, तातेराव पंख सरकवून सांगायचे. इळेवाली. गडी. इळेवाली. असं करत ते विहिरीकडच्या झाडापाशी आले. तिथं हाताच्या उंचीवर एका रंगल्या फळावर एक पाखरू बसलं होतं. हरीशनं हात पुढं केला तसं तातेरावांनी त्याचं मनगट धरलं. वरच्या पंखावर पांढुरके ओरखडे लांबूनच दिसत होते. पंख किंचित उचललेले, आत गोल काळा ठिपका, भोवती सगळीकडून नारिंगी. भिंग लागलंच नाही.

“टिकलीवाली,” ते म्हणाले. “बॅटरी धर. जरा बघू दे तिला.”

आजवर तातेरावांनी त्यांना भिंतीवर बसलेलं बघितलं होतं, नाहीतर चिमटीत धरलेलं. खाताना कधीच बघितलं नव्हतं. टिकलीवालीनं सोंड फळात खुपसली, मान हलवून हलवून आत घातली, थोडं प्यायली आणि बाहेर काढली. मग दोन बोटं सरकून तिथंच दुसरं भोक पाडलं. जरा वेळ प्यायली, तेही सोडलं, उडून शेजारच्या फळावर गेली. तिथं टोचलं. तिथून आणखी एकावर. एकही फळ पुरतं प्यायली नाही. चाखायचं आणि टाकायचं, चाखायचं आणि टाकायचं. पहिल्या फळाच्या भोकातून रसाचा थेंब निघून सालीवरून ओघळत होता.

तातेराव बराच वेळ बघत राहिले. हरीशचा बॅटरी धरलेला हात अवघडला, तरी त्यानं तो हलवला नाही.

“हरीश.”

“काय बापू?”

“तुही माय ताटात कधी काही टाकून उठली का रे?”

“न्हाई. आपल्याला बी टाकू द्यायची न्हाई. आपलं उष्टं सुदीक पुसून खायची ती.”

“सडकं फळ घरी आणायची. सडकी बाजू कापून चांगली आपल्याला द्यायची, आन् सालीला लागलेलं सोता खायची. सारी जिनगी.” तातेरावांनी ओघळत्या थेंबाकडं बोट केलं. “ती ह्या झाडाला असं करल का? सांग ना. करल का असं?”

“न्हाई करणार, बापू.”

“मंग ही न्हाई रे ती.” म्हाताऱ्यानं फळावरून पाखरू खांद्यापाशी धरून अलगद उचललं, आता त्यांच्या बोटांना पूडही लागत नव्हती. एकवार त्याच्याकडं बघितलं आणि हरीशच्या हातात दिलं. “घे. ही बी टाक. आता समद्याच टाक, मला दाखवू नको.”

हरीशनं ते बादलीत टाकलं. तातेराव झाडाच्या बुंध्याशी खाली बसले, ओल्या मातीत, धोतराचीही पर्वा केली नाही. “सखू गेली रे,” ते म्हणाले. “गेली ती. मी आपला भिंतीला बोलत बसलो. सखू गेली, हरीश.”

जाळायच्या दिवशी तातेराव रडले नव्हते. आता लहान लेकरासारखे हुंदके देऊन रडत होते, आणि हरीश बादली खाली ठेवून त्यांच्याशेजारी बसला. दोन महिने झाले होते माय जाऊन. ह्या दोन महिन्यांत घरात ‘माय गेली’ असं म्हणायची त्याला चोरी होती, म्हणून तोही एकदा मोकळेपणानं रडला नव्हता. त्यानं बापाच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

“व्हय बापू,” तो म्हणाला. “गेली आपली माय.”